सोनवणे सिस्टरांचे घोडे

सोनवणे सिस्टर कुणालाही भेटल्या की आधी त्याचा हात हातात घेऊन मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरायच्या. जयभीम, नमस्कार, कसं काय, हे सगळं त्यानंतर. चिमूट सोडली की कातडी किती चटकन सपाट होते ते बघायच्या आणि निकाल द्यायच्या. मला पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, "पाणी कमी पिता तुम्ही." ते खरं होतं. आमच्या शाळेतल्या बाथरूमची अवस्था अशी, की सकाळी घरातून निघाले की दुपारी परत येईपर्यंत मी पाण्याला शिवत नसे. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना बहुधा तेही कळलं असावं. हीच परीक्षा त्या घोड्यांची घ्यायच्या, मानेवर. घोड्यांनी मात्र कधी सबबी सांगितल्या नाहीत, म्हणून घोड्यांवर त्यांचा जास्त जीव होता.

मी कळव्याला एका शाळेत भूगोल शिकवते. माझ्या मुलीला आठवीत असताना घोडेस्वारी शिकायचं वेड लागलं. चौकशी केल्यावर कळलं की टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीच्या अंगाला, दशरथ भोईर म्हणून एकांचा तबेला आहे आणि तिथे एक बाई शिकवतात. दोन-तीन रविवार लेकीने मोठ्या उत्साहाने काढले. मग तिच्या लक्षात आलं की इथे घोड्यावर बसण्याआधी घोड्याबरोबर चालावं लागतं, आणि तेसुद्धा आठवडेच्या आठवडे. तिचं वेड उतरलं. मी मात्र जात राहिले. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. वर्गात दिवसभर बोलून बोलून घसा बसलेला असायचा. इथे नदीकाठच्या पायवाटेने एका मोठ्या, गरम, मुक्या जनावराच्या शेजारी तासभर चालायचं, एवढंच काम होतं.

सिस्टर नावाच्याच सिस्टर नव्हत्या. कल्याणला पालिकेच्या दवाखान्यात सगळी नोकरी नर्स म्हणून करून निवृत्त झालेल्या. यजमान आधीच गेले होते, एकुलता मुलगा रेल्वेत, भुसावळला. टिटवाळ्याच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये त्यांनी छोटा फ्लॅट घेतला आणि सकाळी फिरायला जाताना त्यांना दशरथशेठचे घोडे दिसले. शेठ म्हणजे तिथलेच जुने जमीनवाले आगरी. दिसायला आडदांड, गळ्यात जाड चेन, पण आवाज एकदम मऊ. हौस म्हणून त्यांनी घोडे पाळले होते. लग्नसराईत वरातीला द्यायचे, एरवी नुसते बांधून ठेवायचे. सिस्टर दोन-तीन दिवस कुंपणापाशी थांबून बघत राहिल्या आणि मग आत जाऊन शेठना म्हणाल्या की तुमचा तो तांबडा पुढच्या डाव्या पायाला जपतोय. शेठना ते पटलं नाही. नालबंद बोलावला तेव्हा खुराच्या आत ठेच लागून पू झालेला निघाला. त्यानंतर शेठनी तबेल्याची एक किल्ली त्यांना देऊन टाकली.

पायात दवाखान्यातले पांढरे कॅनव्हासचे बूट, सलवार-कमीज, केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात स्टेथोस्कोप. घोड्याच्या बरगड्यांमागे तो लावून त्या डोळे मिटून उभ्या राहायच्या. पोटातली गुडगुड ऐकायच्या, दोन्ही बाजूंनी, वर आणि खाली. ऐकून झालं की समाधानाने म्हणायच्या, "पेशंटचा गिरणीवाला कामावर आलाय." सामान ठेवायच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखाली खोगिरं, आणि खोगिरांखाली त्यांचा जेवणाचा डबा. घोड्यांनी खाल्ल्याशिवाय तो डबा उघडत नसे. नव्या माणसाने घोडा विनाकारण दौडवला, विशेषतः मोबाईलवर व्हिडिओ काढण्यासाठी, की त्या शांतपणे विचारायच्या, "वरातीत जायचंय का?" आणि लगाम काढून घ्यायच्या. पुढच्या रविवारी त्या माणसाला पुन्हा पायी चालायला लावायच्या.

लांब पल्ल्याच्या स्वारीचं प्रकरण आणलं ते केतनने. केतन शेठचा पुतण्या, पंचविशीतला, पुण्याला इंजिनिअरिंग करून आलेला. तिथे त्याने पाहिलं होतं की लोक एका दिवसात घोड्यावरून चाळीस, ऐंशी किलोमीटर जातात, मध्ये मध्ये ठरलेले थांबे असतात आणि प्रत्येक थांब्यावर जनावरांचे डॉक्टर घोडा तपासतात. त्याला आपल्या तबेल्यातून घोडा न्यायचा होता. शेठनी सिस्टरांना विचारलं. सिस्टर लगेच हो म्हणाल्या नाहीत. आधी त्या स्वतः अशा एका स्वारीला गेल्या, आलेल्या घोड्यांचे ठोके मोजायला मदतनीस म्हणून. परत आल्या त्या खुशीत. मला सांगत होत्या की टीचर, या खेळात पहिला आलेल्यालाही डॉक्टर घरी पाठवू शकतो. ठोके ठरलेल्या वेळात चौसष्टच्या आत आले नाहीत, घोडा जरा लंगडला, पोट गप्प वाटलं, की संपलं. आयुष्यभर वॉर्डात डॉक्टरांच्या मागे फिरलेल्या बाईला हा न्याय फार आवडला होता.

मग त्यांनी तयारी सुरू केली, आणि केतनचा धीर सुटायची वेळ आली. कारण पहिले कित्येक महिने घोडा फक्त चालत होता. कधी स्वार घेऊन, कधी मोकळा, पण चालतच. मग हलकी दुडकी, नदीकाठच्या मऊ मातीत. मग थोडा कठीण रस्ता. आठवड्यातून एकदा टेकडी. आणि दोन दिवस पूर्ण सुट्टी, त्या दिवशी घोड्याला कुणी हातसुद्धा लावायचा नाही. केतन म्हणायचा की घोडा दमतच नाहीये, वाढवू या. त्यावर त्यांनी एकदा आम्हा दोघांना बसवून समजावलं होतं.

"फुफ्फुसं लवकर तयार होतात. मग घोडा धापत नाही आणि माणसाला वाटतं, झाला तयार. पण हाडं आणि पायांच्या कंडरा मागेच राहिलेल्या असतात. त्यांना वर्ष लागतं, दोन वर्षं लागतात. त्यांचं कुणी ऐकत नाही, कारण त्या ओरडत नाहीत."

रोज काम झालं की त्या तळहाताच्या मागच्या बाजूने घोड्याचे चारही पाय चाचपायच्या. कुठे गरम लागतंय का ते बघायच्या. खोगीर काढलं की पाठीवरचा घाम निरखायच्या. सगळीकडे ओलं आणि मध्येच एखादा कोरडा ठिपका दिसला की तिथे खोगीर दाबतंय, घाम फुटायलासुद्धा वाव मिळालेला नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या कोरड्या ठिपक्यापायी त्यांनी एक चांगलं महागाचं खोगीर परत पाठवलं होतं. आपल्याकडच्या दमट हवेत घोड्याचा घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. तेव्हा पाणी ओतायचं, निथळू द्यायचं, पुन्हा ओतायचं, हे त्यांनी मला शिकवलं. माझं कामच ते होतं. मी भूगोलाच्या पुस्तकात सापेक्ष आर्द्रता कितीतरी वर्षं शिकवत होते. ती घोड्याच्या पाठीवर बघायला मिळाली.

एकदा नालबंदाची वाट बघत बसलो असताना मी त्यांना विचारलं की हे सगळं कुठून आलं. तेव्हा कळलं की त्यांचे वडील कल्याणला टांगा चालवायचे, स्टेशनपासून. दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूला चढ लागला की वडील टांगा थांबवून गिऱ्हाइकाला खाली उतरायला सांगायचे. स्वतःही उतरायचे आणि घोडीच्या बरोबर चालायचे. लोक वैतागायचे. पैसे देऊन वर चालायचं म्हणजे काय, असं म्हणून दुसऱ्या टांग्यात जाऊन बसायचे. नवरात्रात दुर्गाडीवर जत्रा असायची, सगळे टांगेवाले तेव्हा कमवायचे, आणि यांचा टांगा रिकामा उभा. लहानपणी त्यांना याची फार लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणी त्या चढावर दिसल्या की सिस्टर टांग्याच्या पलीकडच्या बाजूने चालायच्या. "बाबांना मी एकदा विचारलेलं, घोडी ओढते की, मग तुम्ही का उतरवता?" एवढं सांगून त्या हसल्या. वडील काय म्हणाले ते काही त्यांनी सांगितलं नाही. तेवढ्यात नालबंद आला.

पहिल्या स्वारीला केतन तांबडा घोडा घेऊन गेला. चाळीस किलोमीटरची, पुण्याच्या पुढे माळरानावर. मी पाणी ओतायला बरोबर होते. मधल्या थांब्यावर केतन दुसरा आला. ठोके वेळेत उतरले, डॉक्टरांनी घोडा पास केला. सिस्टर मात्र घोड्यासमोर गवताची पेंढी धरून उभ्या होत्या आणि घोडा ती हुंगून तोंड फिरवत होता. त्यांनी ओलं गवत धरलं, मग कोंडा. घोड्याने दोन घास घेतले आणि सोडले. त्या केतनला म्हणाल्या की इथेच थांबायचं.

केतनने डॉक्टरांचा कागद दाखवला. घोडा पास होता, समोरचा स्वार नजरेच्या टप्प्यात होता, आणि त्या दिवशी शेठ आपल्या दहा-बारा माणसांना घेऊन शेवटच्या रेषेपाशी फेटे बांधून उभे होते.

"डॉक्टरांनी त्याला आज पाहिलंय," सिस्टर म्हणाल्या. "मी रोज बघते."

"सिस्टर, त्याला पुढे जायचंय. बघा तुम्ही, कान कसे टवकारलेत."

"जाईल ना. सांगशील तिथपर्यंत जाईल. घोडा नाही म्हणत नाही, केतन. ते काम आपल्याकडे दिलेलं आहे."

केतनने छातीवरचा नंबर काढून ठेवला. संध्याकाळी तांबड्याने नेहमीसारखा खुराक संपवला. त्याला काही झालेलंच नव्हतं, की होणार होतं ते टळलं, हे कुणालाच कळलं नाही. नंतर एकदा केतनने तसं बोलून दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, असेलही, नसेल झालं काही. त्यांनी आपलं खरं करायचा प्रयत्न केला नाही. मला वाटतं, त्या दिवसापासून केतन त्यांचा झाला.

रेवती आली ती त्यानंतर. करड्या रंगाची, लांब पायांची, चार वर्षांची घोडी. शेठनी ती कुठल्याशा जत्रेतून आणली होती आणि ती माणसाने हात उचलला तरी मागे सरायची. सिस्टरांनी तिच्यावर दोन वर्षं घालवली. पहिले काही महिने तर त्या तिच्या शेजारी नुसती खुर्ची टाकून पेपर वाचत बसायच्या. मग तिचं चालणं, मग दुडकी, मग टेकडी. तिला त्या "बाई" म्हणायच्या. "चला बाई, आज लांब जायचंय." नदीकाठची पायवाट तेव्हा तुटत चालली होती. नव्या रस्त्यासाठी भराव पडत होता, डंपर यायचे, आणि मऊ मातीचा पट्टा दर महिन्याला थोडा आखूड व्हायचा. सिस्टर त्यातून वाट काढायच्या. सकाळी लवकर, डंपर सुरू व्हायच्या आत, त्या रेवतीला पुढच्या गावापर्यंत हाताने चालवत न्यायच्या आणि तिथून केतन स्वारी सुरू करायचा. त्यांचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. मी म्हणायचे की केतनला न्यायला सांगा. त्या म्हणायच्या की त्याला घाई असते, घाई घोडीला लागते.

ऐंशी किलोमीटरची स्वारी फेब्रुवारीत होती. केतनने ती सिस्टरांना हवी तशी केली. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लयीत. चढावर तो स्वतः खाली उतरून पळाला. प्रत्येक थांब्यावर रेवती पाणी प्यायली, तिने गवत खाल्लं, लघवी केली. सिस्टर त्या लघवीचा रंगसुद्धा वाकून बघत होत्या, आणि शेठच्या माणसांना हसू आवरत नव्हतं. रेवती सातवी की आठवी आली. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला दुडक्या चालीने पळवून पाहिलं आणि म्हणाले की ही घोडी अजून एकदा जाऊन येईल. शेठनी सिस्टरांच्या गळ्यात हार घातला. सिस्टरांनी तो काढून रेवतीच्या गळ्यात घातला आणि रेवतीने त्यातली दोन फुलं खाल्ली. त्या दिवशी मी सिस्टरांना पहिल्यांदा आणि शेवटचं खळखळून हसताना पाहिलं.

परतीलाही त्यांनी घाई केली नाही. ती रात्र घोडीला तिथेच विश्रांती दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे, गार वेळेला, निघालो. ट्रकमध्ये गवताचं अंथरूण, समोर ओलं गवत. घाटाच्या आधी थांबून पाणी पाजलं, घाट उतरल्यावर पुन्हा पाजलं. सिस्टर ट्रकच्या केबिनमध्ये, मी आणि केतन मागे त्याच्या गाडीत. तळोजा ओलांडून शीळफाट्याच्या अलीकडे आलो आणि समोर सगळं थांबलेलं. पुढे कुठेतरी कंटेनर आडवा झाला होता. मागे वळायला जागा नव्हती, कारण मागेही तोवर ट्रकच ट्रक लागले होते.

आधी अर्धा तास कुणाला काही वाटलं नाही. त्या रस्त्यावर ते रोजचंच. मग ऊन चढलं. फेब्रुवारी असला तरी इकडचं दुपारचं ऊन ते ऊनच, त्यात पत्र्याचा ट्रक आणि सगळीकडे चालू इंजिनं. सिस्टर केबिनमधून उतरून मागे चढल्या. केतनने बादली नेली. रेवती पाण्यात तोंड बुडवत होती, पण पीत नव्हती. मग ती मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली. पुढच्या पायाने फळी खरवडायला लागली. सिस्टरांनी स्टेथोस्कोप लावला. त्या एका बाजूला बराच वेळ ऐकत राहिल्या, मग दुसऱ्या बाजूला गेल्या, मग पुन्हा पहिल्या. इंजिनांच्या आवाजात नीट ऐकू येत नसेल, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, येतंय. म्हणजे, काही येत नाहीये.

त्यांनी जनावरांच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला, ते बदलापूरहून मोटारसायकलवर निघाले. तोवर चालवत ठेवा, म्हणाले. पण चालवायचं कुठे? दोन्ही बाजूंना ट्रक एकमेकांना चिकटून उभे. त्या पट्ट्यात रस्त्याकडेला मार्बलची दुकानं आहेत, मोठमोठ्या अंगणांत लाद्या उभ्या करून ठेवलेल्या. केतन एका दुकानाच्या वॉचमनशी बोलला आणि त्याने कुणाला न विचारता फाटक उघडलं. ट्रकची फळी टाकून आम्ही रेवतीला उतरवलं आणि दोन गाड्यांमधल्या फटीतून आत नेलं. तिथे, पांढऱ्या, हिरव्या, गुलाबी लाद्यांच्या रांगांमधून सिस्टर तिला चालवत होत्या. घोडी बसायला बघायची, त्या तिला उठवायच्या. दुकानाच्या कामगारांनी आपली हिरवी जाळी काढून दोन घोड्यांच्या, म्हणजे लाद्या ठेवतात त्या लाकडी घोड्यांच्या, मध्ये बांधली आणि सावली केली. मालकाने स्वतः पाण्याची नळी आणून दिली. सगळ्यांनी जे जे होतं ते दिलं. मी पाणी ओतत होते. दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

डॉक्टर आले तेव्हा घोडीचं अंग घामाने निथळत होतं आणि हिरड्या काळपट पडल्या होत्या. त्यांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शनं दिली, हात घालून तपासलं. मग हात धुता धुता सिस्टरांना म्हणाले की आतड्याला पीळ बसलाय. ऑपरेशन लागेल. ऑपरेशन होईल अशी जागा पुण्याकडे. सिस्टरांनी वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्ता जागचा हलला नव्हता. डॉक्टरही तिकडेच बघत होते. रस्ता मोकळा असता तरी, ते म्हणाले, आणि वाक्य अर्धवट सोडलं.

शेठ आदल्या दिवशीच टिटवाळ्याला परतले होते. केतनने फोन लावून सिस्टरांच्या हातात दिला. शेठचा आवाज मला बाजूला उभी राहूनही ऐकू येत होता.

"सिस्टर, मना काय कळत नाय त्यातला. तुमी सांगाल तसा."

"शेठ, तिला त्रास होतोय."

"तुमी सांगाल तसा," ते पुन्हा म्हणाले. मग रडायला लागले.

सिस्टर रेवतीच्या डोक्यापाशी जमिनीवर बसल्या. गुडघे दुमडत नव्हते, म्हणून पाय पसरून बसल्या. घोडीचं डोकं मांडीवर घेतलं, डोळ्यांवर हात ठेवला आणि डॉक्टरांना मान हलवून शेवटचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. केतन भिंतीकडे तोंड करून उभा होता. फाटकाबाहेर हॉर्न वाजत होते. फार वेळ लागला नाही.

नंतर डॉक्टर सामान भरत होते तेव्हा सिस्टरांनी त्यांना विचारलं की कुठे चुकलं. पाणी किती वेळा पाजलं, गवत कुठलं होतं, किती विश्रांती दिली, सगळं क्रमाने सांगितलं, वॉर्डात ड्युटी बदलताना सांगतात तसं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काहीच चुकलं नाही, सिस्टर. होतं कधी कधी."

त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून गुंडाळला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काहीतरी चुकलं असतं तर बरं झालं असतं, टीचर."

चूक सापडली असती तर ती सुधारता आली असती, पुढच्या घोड्याला ती टाळता आली असती. त्यांचं आयुष्य त्याच भरवशावर चाललेलं होतं. आणि इथे धरायला काहीच नव्हतं. त्या कंटेनरवाल्यालाही धरता येत नव्हतं, तो बिचारा म्हणे दवाखान्यात होता.

महिनाभर त्या तबेल्यावर आल्या नाहीत. मी एकदा त्यांच्या घरी गेले तर भाजी निवडत होत्या. घोड्यांबद्दल काही विचारलं नाही. मग एका रविवारी बघते तर त्या तबेल्यात तांबड्याचे पाय चाचपत उभ्या. पुन्हा चालणं, पुन्हा दुडकी. केतन मात्र आला नाही. त्याने बंगळूरला नोकरी धरली. फोनवर मला म्हणाला की सिस्टरांसमोर उभं राहायला होत नाही. त्याने काही केलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. माहीत असण्याचा उपयोग नव्हता.

पुढच्या पावसाळ्यानंतर नदीकाठी वाट उरलीच नाही. भरावाच्या पलीकडे रस्ता झाला, अलीकडे पत्र्याचं कुंपण. शेठच्या भावांनी तबेल्याची जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं. शेठ एकटे पडले. ते सिस्टरांना येऊन सांगत होते की मी नाय बोललो, पण माजा एकट्याचा काय चालतंय. सिस्टर त्यांचीच समजूत घालत होत्या. नाशिकच्या बाजूला कुणा रिसॉर्टवाल्याने उरलेले चारही घोडे एकदम घेतले. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना गोल गोल फिरवायला. त्यांचा मॅनेजर बघायला आला तेव्हा सिस्टरांनी त्याला सकाळपासून दुपारपर्यंत एकेका घोड्याचं सांगितलं. हा कोंडा खात नाही, भिजवून द्या. ह्याला डाव्या बाजूने चढलेलं आवडत नाही. ह्याला सलग काम देऊ नका. तो मुलगा चांगला होता. हो मॅडम, नक्की मॅडम, म्हणत होता. पण नजर पुन्हा पुन्हा मोबाईलकडे जात होती. आणि सिस्टरांना ते दिसत होतं. तरी त्या सांगत राहिल्या. मध्येच थांबल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

घोडे न्यायला ट्रक आला त्या दिवशी मी स्कूटर घेऊन गेले होते. घोडे चढवून झाल्यावर सिस्टर स्वतः मागे चढल्या. पडघ्यापर्यंत येते, म्हणाल्या, हायवेला लागेपर्यंत बिचकतात. मी मागोमाग निघाले. पडघ्याला टोलनाक्याच्या अलीकडे ट्रक थांबला. त्या उतरल्या, ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं, ट्रक सुरू झाला आणि नाशिकच्या दिशेने निघून गेला. मी त्यांना म्हटलं की मागे बसा, घरी सोडते. त्यांनी मान हलवली. स्कूटरवर पाय मोडून बसवत नाही, म्हणाल्या. मी जाईन जीपने.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलगा येऊन त्यांना भुसावळला घेऊन गेला. मी शाळेच्या परीक्षांत अडकले होते, जाताना भेट झाली नाही. फोनवर दोन-चारदा बोललो. मुलाचा फ्लॅट चांगला आहे, नातवंडं गोड आहेत, असं सांगायच्या. मग तो नंबर लागेनासा झाला.

म्हणून माझ्या डोळ्यांसमोर त्या पडघ्याच्याच राहिल्या आहेत. कल्याणला जाणारी एक काळी-पिवळी जीप आली. आत भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका होत्या, त्यांनी सरकून मागच्या बाकावर त्यांना जागा करून दिली. तो बाक उलटा, मागच्या रस्त्याकडे तोंड करून. जीप निघाली आणि तिच्या मागे मी. बराच वेळ आमच्यात जेमतेम दोन गाड्यांचं अंतर होतं. मांडीवर कुणाची तरी मेथीची जुडी, दोन्ही हात तिच्यावर ठेवलेले, आणि त्या सरळ माझ्या दिशेने बघत होत्या. मी हात केला. त्यांनी केला नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी त्यांना दिसतच नाहीये. त्या माझ्या डोक्यावरून मागचा रस्ता बघत होत्या. एका वळणावर मध्ये टेम्पो घुसला. तो बाजूला होईपर्यंत जीप पुढच्या गर्दीत मिसळून गेली होती.